जेवायच्या हाताची बाटली

दुपारी एकला पुढच्या खोलीतले माग जेवणासाठी थांबले की आमच्या खोलीत बाळाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. त्या शांततेत 'टप्' असा आवाज झाला. बाटलीचं बूच निघाल्याचा.

मी बाळाला पाजत आडवी झाले होते. मान वळवून बघितलं तर शरणू पिठाच्या डब्यावर चढून देवळीपाशी उभी. एका हातात बाटली, दुसऱ्यात बूच. पाच वर्षांची पोर, पण काम करताना ओठ असे घट्ट मिटते, जणू घरातली तीच थोरली.

"काय करतेस गं?"

"रहाटाला तेल. किती दिस फिरला न्हाय त्यो. वाळून जाईल की."

सुताच्या कांड्या भरायचा माझा रहाट कोपऱ्यात दोन महिने तसाच पडून होता. मी काही म्हणायच्या आत ती खाली उतरली आणि तिनं रहाटाच्या चातीवर चार थेंब सोडले. खोलीत वास पसरला. दवाखान्यात सुई टोचण्याआधी कापसाला येतो तसला, गार, नाकात चढणारा वास.

रहाटाला आम्ही मागाचं तेल घालतो. त्याला असा वास नसतो. हा वास ब्रेक ऑइलचा होता.

बाळाच्या तोंडातून छाती सुटली तसं ते रडायला लागलं. मला उठवेना.

ब्रेक ऑइलची बाटली जर घरात होती, तर त्या मंगळवारी गाडीत काय गेलं?

दुष्काळाच्या त्या वर्षी आमचे हे, चनबसप्पा, गुरुबसप्पांच्या टँकरवर ड्रायव्हर होते. सांगोल्याकडच्या विहिरी कोरड्या पडलेल्या. गावोगावी पाणी टाकायचं आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी, सोलापूरला घरी यायचं. टँकरच्या मागच्या चाकांतून ब्रेक ऑइल गळायचं. गुंडा मिस्त्रीनं पुढच्या चाकांच्या ब्रेकची रबरं नवी घातली, आणि मागचीही बदला म्हणून बजावलं. पण गाडीमालक गुरुबसप्पा म्हणाले, "दोन दिवस गाडी उभी केली तर त्या गावांनी काय थुंकी गिळायची? पाऊस पडू दे, मग बघू." तेव्हा हे रोज सकाळी ब्रेकच्या डबीत तेल वाढवायचे आणि निघायचे. सगळेच ड्रायव्हर तसं करायचे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तेलाचा डबा गाडीत ठेवला तर चोरीला जातो, म्हणून तो आमच्या घरी असायचा. दर सोमवारी मी त्यातून बाळाच्या औषधाची रिकामी बाटली भरून देवळीत ठेवायची. तसल्याच दुसऱ्या बाटलीत मागाचं तेल. मध्ये बसवण्णांचा फोटो, उजवीकडे गाडीचं तेल, डावीकडे रहाटाचं. दोन्ही पिवळसरच. कधी चुकलं नाही, कारण जागा ठरलेली होती.

पण देवळी सोमवारी पुसायची ही आमच्या सासरची रीत. सगळं खाली काढायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, विभूती लावायची, परत मांडायचं. त्या सोमवारी बाळाचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मी एका हातानं त्याला खांद्यावर धरून दुसऱ्या हातानं देवळी मांडली. कुठली बाटली कुठं ठेवली, आठवत नाही. किती डोळे मिटले तरी तो हात मला दिसत नाही.

आणि मंगळवारी दिवस उगवताना हे टँकर गल्लीत चालू ठेवून ओरडले, "बाटली राहिली!" बाळ मांडीवर होतं. मी शरणूला म्हणाले, "जेवायच्या हाताची बाटली दे आप्पांना, पळ." नुकताच तिला उजवा-डावा कळायला लागला होता. तिनं हवेत एक घास घेतला, हाताकडं बघितलं, डब्यावर चढली आणि उजवीकडची बाटली घेऊन पळत सुटली. आप्पांनी तिला खिडकीपर्यंत उचलून घेतलं, हॉर्न वाजवू दिला. परत आली तेव्हा तिचे गाल फुगले होते अभिमानानं.

ती चुकली नव्हती. तिला सांगितलं होतं तेच तिनं केलं.

शनिवारी ते झालं. सांगोल्याकडच्या एका गावाला जाणारा रस्ता उतरतीचा आहे. खाली लिंबाच्या झाडापाशी घागरींची रांग लागायची. हॉर्न ऐकू आला की बायका रांग सोडून चढाकडं पळायच्या, टँकरच्या बाजूबाजूनं, कारण पाइप जिच्या हाती लागेल तिची घागर पहिली. हे नेहमी म्हणायचे, एक दिवस ह्या बाया माझ्या चाकाखाली येतील. त्या दिवशी पायाखालचा ब्रेक एकदम जमिनीला टेकला. बाया वाचाव्यात म्हणून ह्यांनी गाडी झाडावर घातली. झाड आणि गाडीच्या मध्ये बजाबाई नावाची म्हातारी होती. जागेवर गेली. तिघींचे पाय मोडले.

गाडी तपासणाऱ्या साहेबानं लिहिलं, रबरं फुगून निकामी झालीत, ब्रेकमध्ये भलतंच तेल पडलं आहे. केबिनमधली बाटली तर फुटून गेली होती. मग तेल कुणी घातलं? गुरुबसप्पांच्या वकिलांनी उत्तर शोधलं. गाडीला शेवटचा हात कुणाचा लागला? गुंडा मिस्त्रीचा. मग हे आरोपी नंबर एक, गुंडा आरोपी नंबर दोन. हे जामिनावर घरी आले. वकील म्हणाले, "चनबसप्पा, तू फक्त एवढंच म्हण, तेल मिस्त्रीनं भरलं होतं. तू सुटलास, गाडीमालक सुटले, भरपाईचंही ओझं हलकं झालं." आणि ह्यांना ते खरंच वाटत होतं. ह्यांना शेजाऱ्यांना सांगताना मी ऐकलं होतं, "माझी घरची बाटली हाय, ती कशी चुकंल?"

गुरुवारी सांगोल्याच्या कोर्टात तारीख होती. आज सोमवार.

मी शरणूच्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिच्यापुढं बसले. "शरणू, बाटलीचं कुणाला सांगायचं न्हाय."

"कुठल्या?"

"कुठल्याच."

"आप्पांना दिल्याली पण न्हाय?"

"ती तर मुळीच न्हाय."

"का गं, अव्वा?"

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. तेल लावलेल्या केसांना उन्हाचा वास येत होता. किती बारीक मान आहे हिची, असं मनात आलं, आणि ह्या मानेवर कुणी कधी बोट ठेवील, म्हणेल हिच्या हातून ते झालं, ह्या विचारानं मी तिला इतकी घट्ट आवळली की ती "दुखतंय" म्हणाली.

*

माग परत सुरू झाले तेव्हा दारात सावली पडली. गुंडा मिस्त्रीची बायको, बसम्मा. दोन गल्ल्या पलीकडं राहते. आत ये म्हणाले तरी उंबऱ्यावरच बसली.

"हेमाक्का, लई दिसांत रहाट ऐकू येत न्हाय तुमचा."

"सूत मिळत न्हाय."

"सूत मिळत न्हाय, का हात चालत न्हाय?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "आमच्याकडं बी तसंच. आमचा माणूस घरात बसलाय. पाना हातात घेतो, पुसतो, ठेवतो. परत घेतो, पुसतो."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही.

"अठरा वर्सं झाली त्याला ह्या कामात," ती म्हणाली. "वास घेतल्याबिगर तेल वतत न्हाय. घरात मी फोडणी टाकली तरी बाहेरनं वरडतो, आज करडईचं तेल न्हाय, शेंगाचं हाय. मी म्हणते, मांजराचा जल्म घ्यायचा हुता तुमी. त्यो मानूस भलतं तेल घालंल व्हय?"

शरणू माझ्या पाठीमागून पुढं आली. "आमच्यात पण तेल हाय," ती म्हणाली. "दोन बाट–"

मी टोपलीतला भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. "जेवायला दोनदा बोलावलं हिला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. शरणूनं तुकडा चावला आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी तिला मारलंय.

बसम्मानं ते पाहिलं. मग पदर सावरून उठली.

"मी भांडायला आले न्हाय. वकील कुणाचा, गाडी कुणाची, ते समद्यांना म्हाईत हाय. फकस्त एवढंच सांगते, आमचा माणूस आत गेला तर माजी दोन पोरं आणून तुमच्या दारात बसवीन. तुमच्या हिच्यासंगं खेळतील. काय हुईल?"

"बसव की," मी म्हणाले.

*

हे पाचला आले. पाय धुवायला मोरीवर उभे राहिले तेव्हा मी बाटली त्यांच्या नाकाशी धरली. ह्यांनी वास घेतला आणि पाण्याचा तांब्या तसाच कलता राहिला, पाणी पायावर पडत राहिलं.

"कुठनं आणलीस?"

"देवळीतनं. आज सापडली."

"मग त्या दिवशी..."

"सोमवारी मी देवळी पुसली. माझ्या हातानं जागा बदलली. मला आठवत न्हाय, पण बदलली असणार."

"वास कसा आला न्हाय मला," हे स्वतःशीच म्हणाले. "धुरळ्यानं नाकच बंद हुतं महिनाभर. चार दिस वतलं मी ते. चार दिस." मग माझ्याकडं बघून, "आन बाटली मला दिली..."

ते तिथंच थांबले. अंगणात शरणू चिंचोके मांडून खेळत होती, आपल्याशीच बोलत. आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो आणि दोघांनीही तिचं नाव घेतलं नाही.

"मी दिली," मी म्हणाले.

"तू आत हुतीस."

"मी दिली. कुणी विचारलं तर मी दिली."

"कुणी इचारणार न्हाय," हे म्हणाले. तांब्या खाली ठेवला. "कुणाला म्हाईत हाय हे?"

"कुणाला न्हाय."

"मग न्हाईच म्हाईत."

आणि मला बरं वाटलं. देवाशपथ सांगते, बरं वाटलं. हे घरी राहतील, शरणूला कधीच कळणार नाही, आणि गुंडा? गुंडाचा वकील बघून घेईल. मी बाटली मोरीत ओतली, राखेनं घासली, पाण्यानं विसळली. तरी वास येत राहिला. शेवटी मी ती मागवाल्यांच्या कचऱ्यात, सुताच्या गुंत्याखाली पुरून आले.

तीन दिवस मी भीतीतच भाकऱ्या थापल्या. दाराबाहेर सायकल थांबली की वाटायचं, फौजदार. शरणू कुणाशी बोलायला लागली की मी तिला हाक मारायची, कारण नसताना. बुधवारी ती शेजारणीला सांगत होती, "आप्पांनी मला हॉर्न वाजवू दिला हुता." मी तिला आत ओढली. ती रडली नाही. फक्त विचारलं, "हॉर्नचं पण सांगायचं न्हाय?"

*

गुरुवारी सकाळच्या एस.टी.त गुंडा मिस्त्री आमच्या आधीच बसला होता. मी बाळाला घेऊन उभी दिसल्यावर तो लगेच उठला.

"वैनी, बसा. मी उबा ऱ्हातो. आरोपीला कुटं गादी लागती."

हे माझ्या शेजारी बसले, खिडकीबाहेर तोंड करून. गुंडानं शरणूला आपल्या पिशवीवर बसवलं आणि तिला विचारलं, "ही गाडी कशी चाललीय? बग, ऐक. मागचं चाक कुरकुरतंय का न्हाय?" शरणू कान देऊन ऐकायला लागली. "व्हय," ती म्हणाली. "तिला तेल पायजे." गुंडा मोठ्यानं हसला. "मिस्त्रीण व्हशील तू."

माझ्या हाताच्या मुठी बाळाच्या दुपट्यात आवळल्या गेल्या.

पंढरपूर मागं पडलं. दोन्ही बाजूला उघडं रान, आणि कुठंकुठं पाण्याच्या टाकीपुढं घागरींची रांग. रांग दिसली की हे मान खाली घालायचे. गुंडा वाकून ह्यांच्या कानाशी बोलला, पण मला ऐकू येत होतं.

"चनबसप्पा, तुला दोष देत न्हाय मी. वकिलानं पढवलंय ते तू म्हणशील, पोरंबाळं हायती तुला. पन एक सांग. तू गाडी चालवलीस माज्या हातची. माजं खरंच चुकलं का रं?"

ह्यांनी खिडकीचा गज धरला.

"सगळी म्हणत्यात, तूच घातलंस. मी म्हणतो न्हाय. पन दोन महिने झाले, सारखं सारखं ऐकून आता मला सोताचाच भरोसा राहिना. डबा उघडला हुता का, वास घेतला हुता का, काय बी आठवना. काल फोडणीचा वास आला तर बसम्माला इचारलं, हे कशाचं तेल हाय. मला कळंना." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्या म्हातारीला मीच मारली आसंल का?"

ह्यांनी गुंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी ते बघणं कसं सांगू? त्यात रागही नव्हता, विचारणंही नव्हतं. टँकर घेऊन निघताना 'येतो' म्हणताना बघायचे तसं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. ह्यांनी परत खिडकीकडं तोंड फिरवलं.

कोर्टात पंखा नव्हता. मागच्या बाकावर मी बाळाला पदराखाली घेऊन बसले, शरणू माझ्या मांडीला चिकटून. पलीकडच्या बाकावर बजाबाईचा मुलगा बसला होता, डोक्याचा रुमाल हातात घेऊन. त्यानं एकदा शरणूकडं अनोळखी माणूस बघतं तसं नुसतं बघितलं, आणि मी शरणूला माझ्या दुसऱ्या बाजूला घेतलं.

पुकारा झाला. हे आणि गुंडा पुढं जाऊन उभे राहिले. जज्जसाहेबांनी कागद वाचला, बेफिकिरीनं गाडी चालवून बजाबाईच्या मृत्यूस कारण झाला, असं काहीतरी. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

वकील उठले. "माझ्या अशिलाचं म्हणणं असं आहे, साहेब, की ब्रेक निकामी होणं हे–"

"साहेब," हे म्हणाले, "मिस्त्रीनं तेल घातलं न्हाय."

वकील वळून बघायला लागले. मागं बसलेले गुरुबसप्पा अर्धे उठले आणि परत बसले.

"तेल मी घातलं. मागाचं तेल, रहाटाला घालत्यात ते. ब्रेकचं समजून चार दिस वतलं. मिस्त्रीनं काम चोख केलं हुतं. मागची चाकं बी बदला म्हणाला हुता. गाडीमालकाला म्हाईत हुतं, मला बी म्हाईत हुतं. तरी मी गाडी न्हेत राहिलो."

"चनबसप्पा, गप बस," वकील हळूच म्हणाले.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "समजून बोलतोस ना? याला शिक्षा आहे. तू वकिलांशी बोल आधी."

"समजून बोलतोय, साहेब."

"ते तेल तुझ्याकडं आलं कुठून?"

आता. आता ह्यांच्या तोंडून काय निघेल? बाळानं पदराखाली हालचाल केली तरी मला कळलं नाही.

"घरच्या देवळीतनं," हे म्हणाले. आवाज एकदम मोठा झाला, जसं भिंतीपलीकडं ऐकू जायला पाहिजे. "दोन बाटल्या हुत्या. न बघता मीच उचलली. माज्या हातानं. घरातली समदी निजली हुती, कुणी उठलं न्हवतं. बायकूला म्हाईत न्हाय, पोरांना म्हाईत न्हाय. लिवून घ्या तसं."

साहेब लिहायला लागले. कागदावर लेखणी चालल्याचा आवाज येत होता. गुंडा ह्यांच्या शेजारी उभा होता, त्याचा चेहरा वाकडा झाला होता आणि तो पालथ्या हातानं डोळे पुसत होता. मी ह्यांच्या पाठीकडं बघत होते. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. बारीक पाठ. किती महिने, किती वर्षं, मला कायद्यातलं काही कळत नव्हतं.

शरणूनं माझा दंड ओढला. मी खाली वाकले. तिचे ओठ माझ्या कानाला लागले, गरम, भाकरीच्या वासाचे.

"अव्वा," ती कुजबुजली, "मी तर जागी हुते की. बाटली मीच दिली, त्यांनी मला उचललं पण हुतं. आप्पा इसरले का?"